वाचकांचे प्रश्न: पाणबुडीने बुडवलेली आगबोट

मागच्या अंकात ‘गेरसप्पा’ या आगबोटीवर छोटं टिपण आलं होतं. कोलकात्याहून चहा, बिडाचं लोखंड आणि चांदी असा सुमारे सात हजार टन माल घेऊन निघालेली ही ५,२३७ टनांची बोट सोबतच्या बोटींचा तांडा सोडून एकटी चालली असताना १६ फेब्रुवारी १९४१ च्या रात्री आयर्लंडच्या नैऋत्येला सुमारे ३०० मैलांवर ‘यू-१०१’ या जर्मन पाणबुडीने वीस मिनिटांत बुडवली. बोटीवरच्या माणसांपैकी एकच जिवंत किनाऱ्याला लागला. २०११ मध्ये तिचा सांगाडा सापडला आणि पुढे चांदी वर आली. टिपण एवढंच होतं. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत राहणाऱ्या वाचकांकडून त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. निवडक प्रश्न घेतले आहेत, सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

बोट ५,२३७ टनांची आणि माल सात हजार टन? छपाईची चूक की आमची समजूत चुकली? — उदगीर

छपाई बरोबर आहे. घोळ ‘टन’ या शब्दाचा आहे.

व्यापारी बोटीच्या नावापुढे जो टनाचा आकडा येतो तो वजनाचा नसतो, पोकळीचा असतो. तेव्हा १०० घनफूट बंदिस्त जागा म्हणजे एक टन धरत. बंदराची पट्टी आणि कर ठरवायला हे माप आलं. ५,२३७ टन म्हणजे सव्वापाच लाख घनफुटांच्या आसपास जागा. कणगीत किती पोती बसतात हे सांगितलं म्हणून कणगी किती वजनाची ते कळत नाही, तसंच हे. किती भार उचलता येईल हा आकडा निराळा. त्या काळच्या एवढ्या मालवाहू बोटी आठ हजार टनांच्या आसपास भार सहज घेत. त्यात कोळसा आणि पाणीही धरलेलं असतं.

गेरसप्पावर २,६०० टन बिडाचं लोखंड, १,७६५ टन चहा, २,३६९ टन किरकोळ माल आणि वर चांदी होती. लोखंडाला टनामागे साधारण दहा घनफूट जागा लागते, चहाच्या पेट्यांना शंभराच्या घरात. म्हणजे वजनाने चहा लोखंडापेक्षा कमी, पण जागा त्याने सहापट अडवली. हा हिशेब लक्षात असू द्या, पुढच्या उत्तरात तोच कामाला येणार आहे.

आमच्या इथं जालन्यात लोखंडाचाच धंदा. एवढी मोठी बोट वीस मिनिटांत कशी जाते? पंप नव्हते का? आणि लोखंडामुळे लवकर बुडाली म्हणतात ते खरं का? — जालना, रोलिंग मिलमधील एक वाचक

पंप होते, पण त्यांचा उपयोग नव्हता. का, ते आकड्यांत पाहू.

टॉर्पेडोने (पाण्याखालून धावणाऱ्या स्फोटक अस्त्राने) पाण्याखाली, समजा, आठ मीटर लांब आणि पाच मीटर उंच भोक पाडलं आणि त्याचा मध्य पाण्याच्या पातळीपासून चार मीटर खाली आहे. चार मीटरच्या दाबाने पाणी सेकंदाला जवळपास नऊ मीटर वेगाने आत येतं. भोकाच्या फाटक्या कडा आणि आतला अडथळा धरून त्यातलं ६० टक्के मोजा. तरी सेकंदाला २०० घनमीटर, म्हणजे २०० टन. उन्हाळ्यात गावात येणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यासमोर आणा. असे वीस टँकर दर सेकंदाला. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी यायची, ५० वाघिणी, २५ लाख लिटर. ती पूर्ण गाडी त्या भोकातून बारा-तेरा सेकंदांत रिकामी होईल. आत पाणी चढू लागलं की दोन्हीकडच्या पातळीतला फरक कमी होतो आणि वेगही उतरतो. पण मधला एक खण (बोटीच्या पोटातला माल भरायचा कप्पा) भरायला दोन-तीन मिनिटांच्या वर लागत नाहीत. बोटीचे पंप तासाला काहीशे टनांचे. ते तळाशी झिरपलेलं पाणी काढायला असतात.

आता लोखंड. लोखंड जड म्हणून बुडाली, हे जसं बोललं जातं तसं बरोबर नाही. बोटीने ते वजन आधीच पेललेलं होतं. अडचण रिकाम्या जागेची. लोखंडाचे ठोकळे खणाच्या तळाशी थोडीशी जागा घेतात. वर हवाच हवा, आणि त्या सगळ्या जागेत पाणी शिरतं. तोच खण चहाच्या पेट्यांनी किंवा लाकडाने गच्च असता तर पाण्याला जागा कमी मिळाली असती. लाकडाने भरलेल्या बोटी फुटूनही कित्येक दिवस तरंगत राहिल्याची उदाहरणं आहेत. खनिज घेऊन जाणाऱ्या बोटी मात्र मिनिटा-दोन मिनिटांत गेल्या.

लोखंडाचा आणखी एक त्रास, युद्ध असो वा नसो. सगळं वजन तळाला ठेवलं तर बोट फार ताठ होते. लाटेने कलली की झटक्यात उलटी येते, माणसं पडतात, माल सुटतो, डोलकाठ्यांवर ताण येतो. म्हणून जाणता अधिकारी थोडं लोखंड मुद्दाम मधल्या मजल्यावर रचायला लावतो. तिथे ते पक्कं अडकवलं नाही तर धक्क्याबरोबर एका कुशीला सरकतं. मग ती कूस पुन्हा वर येत नाही.

एक खण भरला तरी बोट तगू शकते, कारण खणांमध्ये पोलादी आडभिंती असतात. पण टॉर्पेडो भिंतीच्या जवळ फुटला तर दोन खण एकदम जातात. आणि भिंत टिकली तरी वरून घात होतो. तेव्हाची खणाची झाकणं म्हणजे लाकडी फळ्या, त्यावर ताडपत्री, कडेने पट्ट्या आणि लाकडी पाचरी. नाळ (बोटीचं पुढचं टोक) खाली जाऊन डेकवर पाणी आलं की पाचरी निघतात, फळ्या तरंगतात आणि शेजारचा धड खण वरून भरायला लागतो. गेरसप्पाला टॉर्पेडो पुढच्या भागात, उजव्या कुशीला, दोन नंबरच्या खणात लागला. स्फोटाने पुढची डोलकाठी कोसळली आणि तिच्याबरोबर बिनतारी यंत्राची तार तुटली. ‘बुडतोय’ असा संदेशच गेला नाही. वाचलेल्यांची होडी तेरा दिवस समुद्रात असताना शोधायला कोणी का आलं नाही, याचं उत्तर त्या एका तारेत आहे.

तापलेल्या बॉयलरवर समुद्राचं गार पाणी आलं की बॉयलर फुटतो आणि त्यानेच बोट बुडते, असं वाचलं होतं. — परळी

बुडताना ऐकू येणारे स्फोट पुष्कळदा आडभिंती फुटण्याचे आणि कोंडलेली हवा सुटण्याचे असतात. बॉयलरच्या नळ्या आणि वाफेचे पाइप धक्क्याने उखडतात हे खरं. वाफेने भाजून माणसं मरतात हेही खरं. पण बोट बुडवायला त्याची गरज नसते, भोक पुरतं.

सोबतच्या बोटींचा तांडा सोडून ती एकटी का निघाली? कप्तानाची चूक नाही का? — नांदेड. कोळशाचा हिशेब कसा लावत, असंही पूर्णेहून विचारलं आहे.

कोळसा संपत आला होता. गेरसप्पा पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रीटाउनहून ‘एस.एल. ६४’ या ताफ्यात निघाली. हे ताफे ताशी आठ सागरी मैलांच्या आसपास चालत. वाटेत हवा बिघडली. जड भरलेल्या बोटीचा वेग पडला आणि इंग्लंडपर्यंत कोळसा पुरणार नाही असं दिसू लागलं. १४ फेब्रुवारीला तिने ताफा सोडून आयर्लंडच्या गॉलवे बंदराची जवळची वाट धरली. १६ तारखेला जर्मन टेहळणी विमानाने तिला पाहिलं, रात्री पाणबुडीने गाठलं. चूक म्हणायची तर म्हणा. पण भर समुद्रात कोळसा संपलेली बोट म्हणजे वेगच नाही, सुकाणूही लागत नाही. असं पाणबुडीपुढचं आयतं सावज व्हायचं की नजर चुकवून बंदर गाठायचं, एवढीच निवड कप्तानापुढे होती.

हिशेब असा. दहा मैल वेगाची, तीन सिलिंडरच्या वाफेच्या इंजिनाची बोट दिवसाला ३० टन कोळसा खाते असं धरा. दिवसात २४० मैल, म्हणजे टनाला आठ मैल. समोरून वारा आणि लाट आली, वेग पाचवर आला, पण भट्ट्या तशाच पेटत्या ठेवाव्या लागतात. आता टनाला चारच मैल. शिल्लक २०० टन असतील तर १,६०० मैलांचा पल्ला एका वादळात ८०० वर येतो. वर नागमोडी चालायचं तर वाट आणखी लांबते. कोळसा हलक्या प्रतीचा असेल तर राख जास्त, भट्टी वरचेवर साफ करावी लागते आणि तेवढा वेळ वाफेचा दाब उतरतो.

मीटरगेजची वाफेची इंजिनं पाहिलेल्यांना एक फरक लगेच कळेल. रेल्वेचं इंजिन काम झालेली वाफ धुराड्यातून ‘भक् भक्’ सोडून देतं आणि पुढच्या स्टेशनावर पाणी भरून घेतं. समुद्रात गोडं पाणी कुठून आणणार? म्हणून बोटीवर वाफ तीन सिलिंडरांतून फिरते. पहिला लहान आणि जास्त दाबाचा, दुसरा मधला, तिसरा सगळ्यात मोठा आणि कमी दाबाचा. तिथून ती गार पाण्याच्या नळ्यांवर जाते, निवते आणि पाणी होऊन परत बॉयलरमध्ये येते. एखादी नळी गळली की समुद्राचं खारं पाणी या चक्रात मिसळतं, बॉयलरमध्ये क्षार बसतो, उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही आणि कोळसा वाढतो. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने गीझरचं जे होतं तेच.

ही भट्टी चालवणारी माणसं बहुतेक हिंदी होती. बोटीवरची त्यांची नावं अजून मुंबईच्या गोदीत ऐकू येतात. डेकवर सारंग, टिंडेल, सुकाणी, खलाशी. खाली आगवाला, तेलवाला आणि कोळसा ओढून आणणारा कोळसेवाला. चार तास पाळी, आठ तास सुट्टी, पुन्हा चार तास. पाणबुडीवाला नेम धरी तो शक्यतो बोटीच्या मध्यावर, म्हणजे बॉयलर आणि इंजिनाच्या खणावर, कारण सगळ्यात मोठी पोकळी तीच. त्या पाळीतल्या माणसांना लोखंडी शिड्यांनी दोन-तीन मजले वर यायचं असे, तेही अंधारात, कारण पहिल्या धक्क्याला दिवे जात. १९३९ च्या शरद ऋतूत ब्रिटिश बंदरांत हिंदी खलाशांनी पगार आणि युद्धभत्त्यासाठी संप केले, त्यामागे हे सगळं होतं. चांदीची लगड नि लगड मोजून लिहून ठेवली गेली. आगवाल्यांची गावं मात्र शोधावी लागतात. (त्याबद्दल शेवटच्या उत्तरात.)

संगणक नसताना चालत्या बोटीवर अंधारात नेम कसा लागायचा? — अंबाजोगाई, बारावीतील विद्यार्थिनी

तुझ्या भौतिकशास्त्राच्या वहीतलंच गणित आहे. आधी हत्याराचे आकडे. जर्मन पाणबुडीचा विजेवर चालणारा टॉर्पेडो ५३ सेंटिमीटर जाड, सात मीटर लांब, पुढे २८० किलो स्फोटक. वेग ताशी ३० सागरी मैल, म्हणजे सेकंदाला १५.४ मीटर. पल्ला ५,००० मीटर.

बोट एक किलोमीटरवर आहे आणि तुझ्या समोरून आडवी, ताशी आठ मैलांनी, म्हणजे सेकंदाला ४.१ मीटरने चालली आहे. टॉर्पेडोला हजार मीटर जायला ६५ सेकंद लागतात. तेवढ्यात बोट २६७ मीटर पुढे सरकते. बोटीची लांबीच १२० मीटर. म्हणजे ती आत्ता जिथे दिसते तिथे मारलं तर टॉर्पेडो तिच्या मागून जाणार. मग पुढे किती मारायचं? दोघांच्या वेगांचा भागाकार ८ ÷ ३० = ०.२६७, आणि ज्या कोनाचा साइन एवढा तो कोन साडेपंधरा अंश. तेवढा पुढे नेम. गंमत म्हणजे या कोनात अंतर येतच नाही. अंतर चुकलं तरी चालतं. वेग आणि दिशा चुकली की नेम गेला. पाणबुडीवर हा कोन काढायला दांतेचाकांचं गणकयंत्र असे. पण बोटीचा वेग आणि तिच्या नाळेचा रोख हे दोन आकडे त्यात माणसानेच डोळ्याने अंदाजून घालायचे.

बोटी नागमोडी का चालत, ते इथे कळतं. ठरल्या मिनिटांनी दिशा बदलली की आधी घेतलेला रोख फुकट जातो. काही बोटींवर त्यासाठी खास घड्याळ असे, दिशा बदलायची वेळ आली की घंटी वाजायची. धूर हा मोठा शत्रू. कोळसा एकदम जास्त टाकला, हवा कमी पडली की काळा लोट उठतो आणि बोट क्षितिजाखाली असली तरी तो दिसतो. म्हणून ‘थोडं थोडं आणि वारंवार टाका’ हा भट्टीवरचा नियम युद्धात जिवाचा झाला.

यू-१०१ सारखी पाणबुडी पाण्याखाली जेमतेम आठ मैल वेगाने जाऊ शके, तेही थोडाच वेळ, कारण खाली ती बॅटरीवर चालते. पाण्यावर डिझेल इंजिनांनी सतराच्या वर. म्हणून रात्री त्या वर येऊनच हल्ला करीत. पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाणबुडी शोधणारं ब्रिटिशांचं यंत्र वर आलेल्या पाणबुडीपुढे आंधळं ठरे.

टॉर्पेडो हुकायचेही पुष्कळ. युद्धाच्या पहिल्या वर्षात जर्मन टॉर्पेडो ठरवल्यापेक्षा खोल जात आणि बोटीखालून निघून जात. पाणबुडीच्या आत साचलेला हवेचा दाब टॉर्पेडोच्या खोली सांभाळणाऱ्या कप्प्यात झिरपे, मग ते यंत्र खोली चुकीची मोजे. चुंबकीय घोडा (स्फोट घडवणारी कळ) वेळेआधी उडे, धक्क्याचा घोडा तिरक्या कोनात लागला तर उडतच नसे. विजेच्या टॉर्पेडोची बॅटरी गार असेल तर पल्ला कमी पडे, म्हणून ती आधी गरम करून ठेवावी लागे.

होडीतले लोक समुद्राचं पाणी पिऊन वेडे होतात म्हणतात. आम्ही तर दर उन्हाळ्यात मचूळ पाणी पितो! — पाटोदा

मचूळ आणि खारं यात पंधरा-वीस पटींचा फरक आहे. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची कमाल मर्यादा लिटरला २,००० मिलिग्रॅम. समुद्रात ते ३५,००० असतात. आपलं मूत्रपिंड साधारण दोन टक्के मिठापर्यंतच लघवी दाट करू शकतं. समुद्राचं पाणी साडेतीन टक्क्यांचं. म्हणजे एक लिटर पिऊन त्यातलं मीठ बाहेर टाकायला पावणेदोन लिटर पाणी जातं. वरचं पाऊण लिटर शरीरातून. तहान वाढते, मग भ्रम होतो.

होडीतला रिवाज असा: जखमी सोडून कोणालाही पहिले २४ तास पाणी द्यायचं नाही, कारण शरीरात आधीचं शिल्लक असतं. नंतर दिवसाला सुमारे अर्धा लिटर, तेही दोन-तीन वेळा वाटून. पाणी नसेल तर सुकं खाणं टाळायचं, पचवायला पाणी लागतं. आजच्या नियमाने जीवरक्षक होडीत माणशी तीन लिटर पाणी ठेवतात.

पण पाण्याची गोष्ट पुढची. होडी धड पाण्यात उतरणं हेच अवघड. बोट दहा मैलांनी चालू असताना होडी सोडली तर ती ओढली जाऊन उलटते, म्हणून आधी इंजिनाची वाफ बंद व्हायला हवी. आणि ती बंद करणारा माणूस बहुधा खालीच मेलेला. बोट एका कुशीला कलली की वरच्या बाजूच्या होड्या कुशीवर घासत अडकतात आणि खालच्या बाजूच्या लांब झुलतात, चढता येत नाही. दोन टोकांचे दोर सारखे सोडले नाहीत तर होडी उभी होऊन माणसं सांडते. तळाला पावसाचं पाणी जायला भोक असतं, त्याचं बूच उतरवण्याआधी लावायचं विसरलं की होडी भरते. आणि लाकूड! उष्ण समुद्रात महिनोन्‌महिने उन्हात टांगलेल्या होडीच्या फळ्या आक्रसतात. चैत्र-वैशाखात गाडीच्या चाकाचं लाकूड आटून धाव सैल होते आणि चाक ओढ्यात नाहीतर हौदात भिजत घालावं लागतं ना, अगदी तेच. होडी पाण्यात पडली की फळ्या फुगून सांधे मिटेपर्यंत उपसत बसायचं.

गेरसप्पाच्या एका होडीत ३१ जण होते. तेरा दिवसांनी, १ मार्च १९४१ ला ती इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरच्या खडकांत आली तेव्हा सात उरले होते. लाटांनी होडी उलटली आणि दुसरा अधिकारी एअर्स हा एकटा वाचला. आधीचे चोवीस तहानेने, थंडीने गेले होते. फेब्रुवारीतला अटलांटिक आणि अंगावर सुती कपडे.

हिंदुस्थानजवळ असं काही घडलं होतं का? — छत्रपती संभाजीनगर, परभणी, वसमत

घडलं, आणि पुष्कळ. प्रवाशांच्या दृष्टीने सगळ्यात मोठी घटना ‘तिलावा’ची. २० नोव्हेंबर १९४२ ला ती मुंबईहून मोम्बासा, दरबानकडे निघाली. बोटीवर ९५८ माणसं, त्यात आफ्रिकेत पोटापाण्यासाठी निघालेली हिंदी कुटुंबंच जास्त. २३ तारखेला पहाटेपूर्वी अरबी समुद्रात ‘आय-२९’ या जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला. बोट लगेच बुडाली नाही. ती तरते आहे असं पाहून काही जण परत चढले, आणि मग दुसरा टॉर्पेडो लागला. २८० गेले. ‘बर्मिंगहॅम’ ही ब्रिटिश युद्धनौका आणि ‘कार्थेज’ ही बोट यांनी मिळून ६७८ जणांना उचललं.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीच्या बोटींची नावं ‘जल’ने सुरू होत. त्यातल्या ‘जलतरंग’ आणि ‘जलपालक’ जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने बुडवल्या, ‘जलबाला’ १९४३ मध्ये जर्मन पाणबुडीने.

‘मुंबईच्या गोदीतली बोटही पाणबुडीनेच उडवली’ असं सेलूच्या वाचकाने आजोबांच्या हवाल्याने लिहिलं आहे. ते तसं नाही. १४ एप्रिल १९४४ ची ‘फोर्ट स्टिकिन’ गोदीतच पेटली. तिच्यात दारूगोळ्याबरोबर कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी होत्या. तुमच्याकडे जिनिंगवाले आहेत, त्यांना विचारा: गाठीच्या पोटात विस्तव गेला की वरून कितीही पाणी मारा, तंतूंत अडकलेल्या हवेवर आत धुमसतच राहतो. तेच झालं. दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला मोठा स्फोट झाला.

समुद्रातली चांदी कोणाची? शेतात हंडा सापडला तर सरकार घेतं, तसंच का? आणि ते रुपये हाली होते की कलदार? — बीड, कंधार

हंड्याचा कायदा वेगळा, तो १८७८ चा. दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं की जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. समुद्रात मूळ प्रश्न एवढाच: मालाचा विमा कोणी भरून दिला? ज्याने नुकसानभरपाई दिली तो मालक. शोधणाऱ्याला मेहनताना. गेरसप्पाच्या चांदीची भरपाई ब्रिटिश सरकारने दिली होती. शोधणाऱ्या कंपनीशी करार झाला तो असा की खर्च वजा जाता ८० टक्के कंपनीला. ४,७०० मीटर खोल, जिथे दर चौरस सेंटिमीटरवर पावणेपाचशे किलोंच्या वर दाब, तिथून यंत्रमानवाने २०१२ मध्ये १,२१८ आणि २०१३ मध्ये १,५७४ लगडी काढल्या. एकेक ३५-३६ किलोची. सोबत ७१७ पत्रं निघाली, सत्तर वर्षांनंतरही वाचता येणारी. गच्च दाबून ठेवलेला टपालाचा ढीग, वर गाळ, काळोख, थंडी आणि आत प्राणवायू नाही, म्हणून कागद टिकला.

तिलावावरच्या २,३६४ लगडी दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीसाठी होत्या. त्या २०१७ मध्ये काढल्या गेल्या. ८ मे २०२४ ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ही चांदी व्यापारी वापरात नव्हती, म्हणून ती काढणाऱ्या कंपनीचा मेहनतान्याचा दावा दक्षिण आफ्रिका सरकारवर चालत नाही, असा निकाल दिला.

रुपये होते ते ‘सिटी ऑफ कैरो’वर. १ ऑक्टोबर १९४२ ला मुंबईहून निघालेली ही बोट ६ नोव्हेंबरला दक्षिण अटलांटिकमध्ये ‘यू-६८’ ने बुडवली. सुमारे शंभर टन चांदीची नाणी, रुपया ११.६६ ग्रॅमचा धरला तर पंच्याऐंशी लाखांच्या आसपास नग. ५,१५० मीटरवरून ती काढली आणि वितळवून विकली. ते अर्थातच ब्रिटिश हिंदुस्थानचे कलदार. निजामाचा हाली शिक्का संस्थानाबाहेर चालत नव्हता. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार, हे मराठवाड्यातल्या जुन्या व्यापाऱ्यांना तोंडपाठ असे.

निजामाचं आरमार होतं का? — हिंगोली

नव्हतं, संस्थानाला समुद्रच नव्हता. निजामाच्या नावाची ‘निझाम’ ही विनाशिका मात्र दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाच्या नौदलात होती.

आमचे चुलत पणजोबा मुंबईला जाऊन बोटीवर लागले आणि युद्धात परत आलेच नाहीत, एवढंच घरात माहीत आहे. कुठे शोधावं? — औसा

राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाच्या (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, CWGC) यादीपासून सुरू करा, ती इंटरनेटवर फुकट आहे. हिंदी व्यापारी खलाशांसाठी ‘बॉम्बे १९३९–१९४५’ या स्मारकाखालची नोंद पाहा. तिथे सुमारे सहा हजार खलाशांची नावं आहेत. ती स्मरणनोंद मुंबईतल्या खलाशांच्या वसतिगृहाशी, मशीद बंदर भागाशी, जोडलेली आहे. पहिल्या महायुद्धाचं स्मारक वेगळं, २,२२३ नावांचं. आधी कोणतं युद्ध ते पक्कं करा.

शोधताना आडनावावर भिस्त ठेवू नका. भरती करताना खलाशाचं नाव आणि वडिलांचं नाव एवढंच लिहीत, तेही कारकुनाला ऐकू आलं तसं. म्हणून एका नावाची इंग्रजीतली चार-पाच स्पेलिंगं आधी कागदावर काढा. गणपत हे नाव ‘ए’ने, ‘यू’ने, शेवटी एक ‘टी’ किंवा ‘टीएच’ असं कसंही असू शकतं. हुद्द्यावरून गाळा: फायरमन आणि ट्रिमर म्हणजे आगवाला आणि कोळसेवाला. गावाच्या जागी तालुका, ‘हैदराबाद’ किंवा नुसतं ‘डेक्कन’ असू शकतं. औसा सापडलं नाही म्हणून नोंद सोडू नका.

नोंद मिळाली की त्यात बोटीचं नाव आणि तारीख असते. त्या दोन गोष्टींवरून बोट कोणी, कुठे बुडवली ते निघतं. एकाच तारखेला त्याच बोटीवरचे सगळे खलाशी नोंदवलेले असतील तर बोट बुडाली. तारीख एकट्याचीच असेल तर आजार किंवा अपघात धरून चाला. घरात एखादं जुनं पाकीट, मनीऑर्डरची पावती, बोटीवरच्या नोकरीची वही असेल तर तिच्यावरचा क्रमांक जपून उतरवून घ्या. नाव चुकीचं लिहिलेलं असू शकतं, क्रमांक सहसा बरोबर असतो.